वाचकांचे प्रश्न: काकांनी सांगितलेलं विमान

मागच्या अंकात गोव्याच्या नौदल म्युझियमवर आणि तिथल्या जुन्या लढाऊ विमानांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

मालवणहून एक वाचक लिहितात: माझे मोठे काका साठच्या दशकात बनारस हिंदू युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंगला होते. सुट्टीत घरी आले की सांगायचे, आमच्या कॉलेजच्या आवारात दुसऱ्या महायुद्धातलं खरं लढाऊ विमान पडलंय. घरातले सगळे हसायचे, म्हणायचे बनारसची भांग चढली याला. काका चिडून म्हणायचे, "मी खोटा सांगतंय काय?" दोन वर्षांपूर्वी काका गेले. तुमचा लेख वाचून आठवण झाली. असं विमान खरंच होतं का? असेल तर त्याचं पुढे काय झालं?

होतं. काका शंभर टक्के खरं सांगत होते, आणि नुसतं "एक विमान" नव्हतं ते, त्याचा नंबर होता आर ४११८, जात हॉकर हरिकेन, आणि १९४० साली लंडनच्या आकाशात प्रत्यक्ष लढलेलं होतं. तुमच्या घरी अजून कोणी हसणारं उरलं असेल तर हे पान त्यांच्यापुढे धरा.

आधी हरिकेन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सिडनी कॅम नावाच्या इंजिनियरने डिझाइन केलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. नाकात रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन, पंखांत आठ मशीनगन. नाव सगळीकडे स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं होतं, सुंदर विमान होतं ते यात वाद नाही, पण १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनीची विमानं इंग्लंडवर येत होती तेव्हा स्पिटफायरपेक्षा हरिकेनची संख्या जास्त होती आणि पाडलेल्या विमानांतला मोठा वाटाही हरिकेनचाच. आणि त्याचं कारण त्याच्या बांधणीत आहे, म्हणून ती नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत ती लागणार आहे.

तुम्ही मालवणचे, होडी बांधताना बघितली असेल. आत वाकवलेल्या लाकडी फासळ्या, त्यावर फळ्या. हरिकेनच्या मागच्या भागाचं साधारण तसंच आहे. सगळ्यात आत लोखंडी आणि ड्युराल्युमिनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, नळ्यांचा सांगाडा, त्या नळ्या एकमेकींना वेल्डिंग न करता पट्ट्या आणि बोल्ट लावून जोडलेल्या, त्यावर लाकडी कड्या आणि लांब पट्ट्या, आणि त्यावर चक्क कापड. लिननचं कापड ताणून शिवायचं आणि त्यावर डोप नावाचं रोगण ब्रशने चढवायचं, ते सुकलं की कापड आक्रसतं आणि पखवाजाच्या पुडीसारखं ताठ होतं, बोटाने टिचकी मारली की आवाज येतो. लढाईत याचा फायदा असा झाला की शत्रूची गोळी पुष्कळदा एका बाजूने घुसून दुसऱ्या बाजूने निघून जायची, मग संध्याकाळी भोकावर कापडाचं ठिगळ मारायचं, डोप लावायचं, सकाळी विमान परत वर. पत्र्याच्या विमानाला तेवढ्या डॅमेजसाठी वर्कशॉपमध्ये जावं लागायचं.

आता तुमच्या काकांचं विमान. आर ४११८ हे इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर कंपनीच्या कारखान्यात बांधलं गेलं आणि ऑगस्ट १९४० मध्ये स्कॉटलंडमधल्या ड्रेम तळावर ६०५ नंबरच्या स्क्वाड्रनकडे, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीकडे आलं. सप्टेंबरमध्ये ती स्क्वाड्रन लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनला हलली, म्हणजे थेट आगीत. तिथून या एका विमानाने लढाईची ४९ उड्डाणं केली आणि पाच शत्रुविमानं पाडल्याचं श्रेय त्याच्या नावावर आहे. एक पायलट आणि एक विमान अशी जोडी तेव्हा कायमची नसायची, सकाळी ज्याची पाळी तो जे तयार असेल ते घेऊन उडायचा, त्यामुळे हे श्रेय कोणा एका माणसाचं नाही, विमानाचंच म्हणायचं. ते उडवणाऱ्यांत बॉब फॉस्टर नावाचा विशीतला पोरगा होता. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

ऑक्टोबरमध्ये लढाईत मार खाऊन ते दुरुस्तीला गेलं. नंतर दुसऱ्या स्क्वाड्रनकडे, मग नव्या पायलटांच्या ट्रेनिंगला, आणि १९४३ च्या शेवटी शेवटी पेटाऱ्यात भरून भारतात. तोपर्यंत युरोपात हरिकेन जुनं झालेलं होतं, पण आपल्याकडे बर्माच्या आघाडीवर त्याचा जोर होता. आपल्या हवाई दलाची नंबर एक स्क्वाड्रन १९४४ ला इंफाळला हरिकेनच उडवत होती आणि तिचे कमांडर होते अर्जन सिंग, पुढे मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले ते. आर ४११८ ची गोष्ट मात्र वेगळी. १९४७ ला कागदावरनं कमी झालं आणि बनारस हिंदू युनिव्हर्सिटीला देऊन टाकलं, मुलांना विमान आतून कसं असतं ते कळावं म्हणून.

आणि तिथे ते राहिलं. पन्नासहून जास्त वर्षं. काकांनी बघितलं ते या काळात. सुरुवातीला शिकवायला वापरलं असणार, नंतर जेटचा जमाना आला, कापडी विमान कोणाला शिकवायचं, मग ते आवारात उघड्यावर. ऊन, पाऊस, धूळ. पण मला या सगळ्या गोष्टीत जे सगळ्यात मोठं वाटतं ते सांगतो, इतक्या वर्षांत तिथल्या कोणी ते भंगारात काढलं नाही. हरिकेन एकूण किती होती? सगळी मिळून साडेचौदा हजारांच्या आसपास बांधली गेली होती, आणि आज जगभर बघायला गेलात तर बहुतेक सगळी वितळवली गेलेली. एखादा खातेप्रमुख जागा हवी म्हणून, एखादा क्लार्क यादी साफ करायची म्हणून, एका सहीने ते विमान किलोच्या भावाने घालवू शकला असता. ती सही कोणी केली नाही. त्या माणसांची नावं कुठे छापून आलेली नाहीत, पण विमान वाचवलं त्यांनी.

१९८२ ला पीटर व्हॅशर नावाचा एक इंग्रज, जुन्या गाड्यांचा शौकीन, भारतात रोल्स-रॉईस गाड्या शोधत फिरत होता. फिरत फिरत बनारसला त्या आवारात गेला आणि समोर हरिकेन. आला होता रोल्स-रॉईसची गाडी शोधायला आणि सापडलं रोल्स-रॉईसच्या इंजिनचं विमान! तेव्हा काही झालं नाही, पण डोक्यातून ते गेलं नाही त्याच्या. नव्वदच्या दशकात परत आला तर विमान तिथेच. मग नंबरवरून इतिहास शोधला आणि कळलं की हे साधं ट्रेनिंगचं नाही, हे १९४० ला लढलेलं आहे. पुढे कित्येक वर्षं परवानग्या, कागद, बैठका. २००१ ला ते जहाजाने इंग्लंडला गेलं. सफोकमध्ये फक्त हरिकेनचंच काम करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तीनेक वर्षं त्याच्यावर काम झालं आणि २३ डिसेंबर २००४ ला ते परत उडालं. आणि बॉब फॉस्टर तेव्हा जिवंत होते. विशीत ज्या कॉकपिटमध्ये बसून लढले, त्याच कॉकपिटपाशी ऐंशी ओलांडल्यावर परत उभे राहिले. २०१४ ला ते गेले. विमान पुढे दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि इंग्लंडमध्ये उडत राहिलं.

आता तुम्ही विचाराल की आपल्याकडचं विमान परदेशात गेलं हे वाईट नाही का. मला विचाराल तर थोडं लागतं मनाला, खोटं कशाला बोलू. पण उघड्यावर अजून वीस वर्षं राहिलं असतं तर काय उरलं असतं हेही मला दिसतं. आणि आपल्याकडे हरिकेन अजिबात नाही असं नाही, दिल्लीला पालमच्या हवाई दल म्युझियममध्ये एपी ८३२ नंबरचं उभं आहे. दिल्लीला गेलात तर घरच्या सगळ्यांना घेऊन त्याच्यासमोर उभे राहा आणि काकांची गोष्ट सांगा.

सावंतवाडीहून अकरावीतला एक विद्यार्थी विचारतो: सर, अशी विमानं परत उडवतात तेव्हा निम्मे पार्ट नवीन टाकतात ना? मग ते तेच विमान कसं म्हणायचं?

चांगला प्रश्न आहे बाळा, मोठे मोठे लोक यावर भांडतात. कापड तर शंभर टक्के नवीन, लाकूड बहुतेक नवीन, रबरी नळ्या, वायरी, पाइप, बोल्ट सगळं नवीन, कारण माणूस बसणार आहे त्यात. नळ्यांचा सांगाडा मात्र सुटा सुटा करून एकेक नळी तपासतात, चांगली असेल तर तीच परत लावतात. सगळ्यात अवघड जातात पंखातले आडवे स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारे कणे. हरिकेनच्या मधल्या भागाचे स्पार बारा कोनांच्या पोलादी नळ्यांपासून केलेले असतात, पोलादाची पट्टी रोलमधून काढून तो आकार द्यायचा. ही विद्या युद्धानंतर पार विसरली गेली होती, त्या वर्कशॉपवाल्यांना ती परत नव्याने शिकावी लागली.

म्हणून मी स्वतः असं बघतो. आमच्या बाजूला जुनं कौलारू घर असतं, वासे बदलतात, कौलं बदलतात, भिंत एखादी नवीन बांधतात, तरी घर आजोबांचंच म्हणतो ना आपण? पण कोणी जुन्या घराची नुसती दाराची पाटी उचलून नव्या बंगल्याला लावली तर ते आजोबांचं घर होत नाही. जगात अशीही विमानं आहेत, एक जुनी नंबरप्लेट आणि बाकी सगळं कालचं. आर ४११८ मोलाचं का, तर ते कधी तुकडे तुकडे होऊन विकलं गेलं नाही, बनारसला एका जागी बऱ्यापैकी पूर्ण राहिलं, आणि दुरुस्त करताना जिथे जमलं तिथे मूळ भागच वापरले.

वेंगुर्ल्याहून एक ताई लिहितात: मुलांना घेऊन बोगमाळोचं नौदल म्युझियम बघितलं. तिथलं सी हॉक १९७१ च्या युद्धातलं आहे असं कोणीतरी सांगितलं, ते खरं का? आणि आमच्याकडे गॅलरीची ग्रिल दोन वर्षांत गंजते, मग समुद्राच्या इतक्या जवळ ते विमान टिकतं कसं?

ताई, सी हॉकचं मी भरभरून सांगेन, कारण नोकरीची सुरुवातीची काही वर्षं मी दाबोळीला विमानांच्या मेंटेनन्समध्ये काढली आणि सी हॉकचे शेवटचे दिवस मला मिळाले. तेही मूळ हॉकर कंपनीचंच डिझाइन, म्हणजे हरिकेनचा धाकटा भाऊच म्हणा, फक्त जेट. इंजिनाचा जाळ शेपटीतून न निघता दोन्ही बाजूंना पंखाच्या मुळातून निघतो, मुलांना परत नेलंत तर ते दाखवा. पंख दुमडतात कारण बोटीवर जागा कमी, आणि शेपटीखाली हूक, तो डेकवरच्या वायरीत अडकला तरच विमान थांबणार.

१९७१ ला ही विमानं आयएनएस विक्रांत या जुन्या विमानवाहू बोटीवर होती, आणि विक्रांतच्या एका बॉयलरला तडा होता, बोट पुऱ्या वेगाने पळू शकत नव्हती. जेट विमान डेकवरनं उडवायचं तर समोरून वारा लागतो, बोट पळाली की तो वारा मिळतो, त्यामुळे विक्रांतला लढाईत घ्यावं की नाही इथपासून चर्चा झाली होती. तरी ४ डिसेंबरला सी हॉक पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, कॉक्सबाजारवर गेली, मग चितगाववर, नंतरचे दिवस बंदरं आणि विमानतळांवर सारखे हल्ले. स्क्वाड्रनचे कमांडर लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं. आता म्युझियममधलं नेमकं ते विमान गेलं होतं का, हे "सी हॉक आहे म्हणजे गेलं असणार" असं म्हणून ठरत नाही. मागच्या बाजूला आयएन अक्षरांनी सुरू होणारा नंबर लिहिलेला असतो, तो उतरवून घ्यायचा आणि त्या नंबराच्या रेकॉर्डमध्ये डिसेंबर १९७१ बघायचा. ज्या बोटीवरनं ती उडाली ती विक्रांत मुंबईत २०१४ ला भंगारात तोडली गेली, तिचं थोडं पोलाद बजाजच्या मोटरसायकलींत गेलं. विमानं राहिली, त्यांचं मोल म्हणूनच वाढलं.

आता गंजाचं. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तो ग्रिलसारखा लाल होत नाही, त्याला पांढरी बुकटी येते. रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी एक बारीक पांढरं कडं दिसतं, जाडं मीठ सांडल्यासारखं, नखाने खरवडलं की पावडर निघते आणि खाली पत्रा पापुद्र्यासारखा फुगलेला. आम्हाला पहिल्याच महिन्यात हे बघायला शिकवलं होतं, आणि आमचे चीफ डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवायचे, रंगाखाली फुगवटा आधी बोटाला कळतो. जिथे पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतो तिथे सगळ्यात वाईट, कारण दोन धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे झाली बॅटरी, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

लोकांना वाटतं पाऊस वाईट. उलट आहे. पावसात वरचा भाग धुतला जातो, मीठ निघून जातं. पोटाखाली, चाकाच्या खोबणीत, पंखाच्या दुमडीत जिथे पाऊस पोचत नाही पण खारा वारा पोचतो तिथे सगळ्यात आधी बिघडतं. तुमची ग्रिल बघा, छपराखालच्या आडव्या पट्टीची खालची बाजू आधी गेली असेल. त्यामुळे नौदलात विमान उतरलं की गोड्या पाण्याने धुणं हे आमचं जेवणाइतकं ठरलेलं काम होतं. म्युझियममध्ये उघड्यावर उभ्या विमानालाही तेच लागतं, पाणी, मग पाण्याचे निचरे मोकळे आहेत ना ते बघणं, मग रंग. आणि धुणारा माणूस रोजचा लागतो. पुढच्या वेळी गेलात तर तिथल्या धुणाऱ्या-पुसणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोला, मी सांगितलं म्हणून.

हर्णै बंदरावरून एक वाचक: वडलांच्या जाळ्यात पूर्वी एक हलका पत्र्याचा तुकडा आला होता, रिव्हेट मारलेला, वर बारीक पट्टी आहे अक्षरं कोरलेली. माळ्यावर पडलाय. विमानाचा असेल का? भंगारवाला मागतोय.

भंगारवाल्याला आज तरी देऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय, कारण आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेत जुनं विमानाचं इंजिन होतं, मुलांना दाखवायला ठेवलेलं, मी लहानपणी त्याच्या सिलिंडरवर हात फिरवलेला आहे. नोकरीतून सुट्टीवर आलो तेव्हा बघायला गेलो तर तिथे सिमेंटचा कट्टा. किलोवर गेलं म्हणाले. नंबर काय होता विचारलं तर कोणीच लिहून ठेवला नव्हता, मीसुद्धा नाही. ते कुठलं इंजिन, कुठल्या विमानाचं, आता कधीच कळणार नाही. मला आजही तो कट्टा दिसला की पोटात कालवतं.

तर आधी त्या पट्टीचा फोटो काढा, उजेड तिरका पाडून, म्हणजे कोरलेली अक्षरं उठून दिसतात. सकाळी दारातलं ऊन चांगलं. अक्षरं जशीच्या तशी वहीत उतरवा, बारीक आकडे, शिक्के, गोलातलं अक्षर सगळं, कारण तो गोल शिक्का तपासणाऱ्याचा असतो आणि त्यावरून कारखाना कळू शकतो. तुकडा गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, मग सावलीत सुकवा. चिंच, लिंबू, ॲसिड, वाळू, काथ्या काही लावू नका, पट्टीवरची अक्षरं एका घासण्यात जातात. वडलांना विचारून कुठल्या बाजूला, किती वाव पाण्यात, कुठल्या महिन्यात जाळं टाकलं होतं ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, वडील आहेत तोवरच. वजनाने एकदम हलका आणि चुंबक न लागणारा असेल तर विमानाचा असायची शक्यता आहे, पण बोटींचेही असे भाग असतात, त्यामुळे पट्टी वाचल्याशिवाय गावात बोभाटा नको.

आणि एक. जाळ्यात पुन्हा असं काही आलं आणि ते नळकांड्यासारखं, बंद तोंडाचं, जड असेल तर बोटीवर ठोकाठोक करू नका, घरी तर आणूच नका. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाला १५५४, किनाऱ्यावर असाल तर ११२. तुमच्या पत्र्याच्या पट्टीचा फोटो मात्र मासिकाच्या पत्त्यावर नक्की पाठवा, माझ्याकडे दाबोळीच्या दिवसांची वही आहे, शिक्के जुळवून बघतो.